दानाचा हिशेब परिणामांत व्हावा



धानोऱ्यासह आपला नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. त्याच धुळ्यात जन्मलेल्या व इंग्लंडमध्ये वाढलेल्या श्री. मनोज बदाले यांचा आज आम्ही आवर्जून उल्लेख करीत आहोत. १९९८ मध्येच त्यांनी भागीदारासह नवे उद्योग उभारणारी ब्लेनहाइम चॅलकॉट ही कंपनी लंडनमध्ये स्थापिली. त्यांच्या सहमालकीचा राजस्थान रॉयल्स हा सर्वांत कमी किमतीचा संघ २००८ मध्ये पहिल्या आयपीएलचा विजेता ठरला.

आम्हांस मात्र त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे वाटते. ब्रिटिश एशियन ट्रस्टचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. या संस्थेने २०१८ मध्ये भारतातील शिक्षणासाठी परिणामाधारित रोखे आणले. गुंतवणूकदाराने आधी पैसा द्यायचा आणि मुले खरोखर शिकल्याचे मोजमाप झाल्यावरच दात्यांनी तो फेडायचा, अशी ही योजना.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण अनेक आहेत. तपासणी झाली, एवढ्याने आमचे कर्तव्य संपत नाही. तो रुग्ण वर्षभर औषध घेतो काय, हे आपण आम्हांस अवश्य विचारावे. तो प्रश्न हीच आपली खरी देणगी होय.