नऊ प्रश्न, दोन आठवडे

ताप मोजायला थर्मामीटर आहे. मनाची उदासी मोजायची कशाने? त्यासाठी डॉक्टर बरेचदा 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली वापरतात. प्रश्न फक्त नऊ. कामात रस वाटतो का, झोप लागते का, भूक कशी आहे, आणि शेवटी, जगणं नकोसं वाटतं का. विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले, तर पुढची तपासणी हवी.

पण आपल्याकडे 'उदास वाटतं' म्हणून दवाखान्यात येतं कोण? माणूस येतो तो 'डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही' म्हणत. त्यामुळे नुसतं भाषांतर पुरत नाही. प्रश्न घरच्या बोलीत विचारावे लागतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही प्रश्नावली वापरून रुग्ण शोधले गेले, आणि समुपदेशन केलं ते प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी.

गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉईडचं काम मंदावलं तरी थकवा येतोच. तेव्हा मोबाइलवर बेरीज करून स्वतःच औषध ठरवू नका. मात्र शेवटच्या प्रश्नाला मनातून 'हो' आलं, तर बेरीज बघत बसू नका. लगेच फोन करा: टेली-मानस, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.