आपले म्हणणे मांडताना

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



समाजाचा प्रश्न प्रभावीपणे कसा मांडावा, या विषयावर बोलण्यास संस्थेने मला सांगितले. मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. लोकांचे अर्ज वाचण्यात माझा दिवस जातो. म्हणून सुरुवात मी स्वतः लिहिलेल्या, फसलेल्या अर्जापासूनच करतो.

आपल्या मानकोली परिसरात गोदामे वाढली, तशा अवजड गाड्याही वाढल्या. काही वर्षांपूर्वी या गाड्या मुलांच्या शाळेच्या वाटेवरच ओळीने उभ्या राहू लागल्या. मुलांना गाडीला वळसा घालून वाहत्या रस्त्यावरून चालावे लागे. वस्तीची बैठक झाली आणि मी बी. ए. झालेला म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी तीन पाने लिहिली. 'फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात' अशी सुरुवात, मध्ये हजारो वर्षांचा अन्याय आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी'. विहारात वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. कार्यालयात साहेबांनी तो चाळला आणि विचारले, "रस्ता नेमका कुठला? गाड्या किती वाजता असतात? आम्ही करायचे काय?" एकाचेही उत्तर माझ्या तीन पानांत नव्हते. त्यांचा मला फार राग आला. घरी पोहोचेपर्यंत तो राग माझ्याकडेच वळला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना प्रश्न आधीच ठाऊक होता. ज्याला तो ठाऊक नव्हता त्याला मी काहीच सांगितले नव्हते.

मित्रहो, आपण दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याची आठवण काढतो. बाबासाहेबांच्या ओंजळीतले पाणी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. पण त्या ओंजळीमागचा कागद आपण विसरतो. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. अंमल मात्र झाला नव्हता. म्हणजे १९२७ साली महाडला जमलेली माणसे दया मागत नव्हती. तुम्हीच केलेला ठराव पाळा, एवढेच म्हणत होती. अशा मागणीला नाही म्हणणाऱ्याची पंचाईत होते. म्हणूनच पुढे त्याच नगरपालिकेला आपला ठराव मागे घ्यावा लागला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तिथे बाबासाहेब कोणाशी कसे बोलले, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. परिषदेपुढे त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला दिला. स्त्रियांशी बोलताना मात्र लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, हे सांगितले. विषय एकच, माणूस म्हणून ताठ मानेने उभे राहण्याचा. पण ज्या खुणेने जात ओळखली जाई ती खूण त्या बायाबापड्या रोज अंगावर वागवत होत्या. त्यांना फ्रान्स सांगून काय उपयोग? आणि तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई आली तेव्हा, हजारो लोक तयार असताना, त्यांनी पाणी घेण्याचा बेत थांबवला व दावा लढवला. हा निर्णय पचवणे कार्यकर्त्यांना सोपे गेले नसेल. दहा वर्षे लागली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तो विरोधकांचे मन वितळले म्हणून नव्हे. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही म्हणून. न्यायालयात पुरावा बोलला.

बाबासाहेबांना तरी कुठे आयते व्यासपीठ होते? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकहाती लिहून काढले. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. सकाळी उठल्यापासून 'जय भीम' आणि महापुरुषांची छायाचित्रे आपण एकमेकांनाच पाठवत असतो. ते वाईट नाही. पण ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला त्यांतले किती जण हजर असतात, हे मी इथे विचारत नाही.

आता आमच्या दुसऱ्या अर्जाचे सांगतो. तो एका पानाचा होता. नववीतल्या एका मुलीने आठ दिवस वहीत नोंद ठेवली: वार, वेळ, उभ्या गाड्यांची संख्या. तिच्या वहीची प्रत जोडली. रस्ता कुठून कुठपर्यंत ते लिहिले, हाताने नकाशा काढला. मागणी दोनच: शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या उभ्या करण्यास बंदी आणि तसा फलक. गोदामांत आपलीच मुले कामाला आहेत, म्हणून गाड्या बंद करा असे लिहिले नाही. वस्तीबाहेरच्या पालकांच्याही सह्या घेतल्या, कारण गाडी कोणाची जात विचारून अंगावर येत नाही. अर्जाची पोच घेतली. उत्तर येईना, तेव्हा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा तिकीट लावून अर्ज केला आणि पहिल्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढेच विचारले. त्या कायद्यात तीस दिवसांची मुदत असते. मुदतीच्या आत उत्तर आले आणि पुढे फलकही लागला.

सकाळी आता वाट बऱ्यापैकी मोकळी असते. संध्याकाळी शाळा सुटताना अजून गाड्या असतात, पावसात तर हमखास. त्यासाठी तिसरा अर्ज करायचा आहे. नवी वही आणलेली आहे. नोंदी ठेवण्यास जे विद्यार्थी तयार असतील त्यांनी कार्यक्रमानंतर विहाराच्या पायऱ्यांवर मला भेटावे. येताना पेन आणावे.

जय भीम! नमो बुद्धाय!