उत्तर मिळण्याची हमी



१७ मार्च २००७ हा दिवस इथल्या क्रिकेटप्रेमींना विसरता येणार नाही. पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला हरवलं आणि विश्वचषकाची आपली आशा पहिल्याच फेरीत डळमळली. त्याच दिवशी जमैकात, किंग्स्टनच्या सबायना पार्कवर, आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलातल्या आपल्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आलं. वूल्मर यांचा जन्म आपल्या कानपूरचा. काही दिवसांतच जमैकाच्या पोलिसांनी जाहीर केलं, की त्यांचा गळा दाबून खून झाला आहे. तपासाची सूत्रं होती मार्क शील्ड्स यांच्याकडे. पूर्वी स्कॉटलंड यार्डात असलेले हे ब्रिटिश अधिकारी तेव्हा जमैकाच्या पोलीस दलात उपायुक्त होते. जून उजाडला आणि पोलिसांनीच सांगितलं, की खून नव्हे, मृत्यू नैसर्गिक होता. नोव्हेंबरात चौकशीच्या ज्यूरीने मात्र दोन्हींपैकी काहीच मान्य केलं नाही. पुराव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असा निकाल तिने दिला.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट थोरोगुड नावाचा लेखक या बातम्या वाचत होता. कॅरिबियन बेट, संशयास्पद मृत्यू आणि तपासाला ब्रिटिश पोलीस अधिकारी, एवढं त्याच्या मनात राहिलं. त्यातून ‘डेथ इन पॅरडाइज’ ही मालिका जन्मली. २५ ऑक्टोबर २०११ला बीबीसी वनवर तिचा पहिला भाग दिसला, २०२४मध्ये शंभरावा. माझं आजचं सगळं बोलणं या दोन टोकांमधलं आहे. जिचं मूळ उत्तर न मिळालेल्या मृत्यूत आहे, ती मालिका दर भागात उत्तर देते. न चुकता देते. तिच्या ठरीव साच्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला तो साचा म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द वाटतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी साचा सांगतो. सेंट मरी हे काल्पनिक बेट, ब्रिटिश अमलाखालचं, पण पूर्वीच्या फ्रेंच खुणा बाळगणारं. शीर्षकसंगीत वाजण्याआधीच प्रेत पडतं. जागा कधी बंगल्यातलं पोहण्याचं तळं, कधी रमची भट्टी, कधी बोट. खुनाच्या वेळी आसपास असणारी माणसं मात्र चार-पाचच. प्रत्येकाकडे खुनाचं कारण असतं आणि प्रत्येकजण त्या वेळी दुसरीकडे होता, याला साक्षीदारही असतात. होनोरे गावाच्या लहानशा पोलीस ठाण्यात पांढऱ्या फळ्यावर त्यांचे फोटो लागतात. ब्रिटनहून आलेला इन्स्पेक्टर आणि त्याचे स्थानिक सहकारी जबाब घेत हिंडतात. कमिशनर सेल्विन पॅटरसन कुठूनसे दारात येऊन उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात आणि निघून जातात. शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली, की कुणाच्या तरी साध्या बोलण्याने इन्स्पेक्टर एकदम थबकतो. सगळे संशयित गोळा केले जातात आणि तो खुनाची हकिगत पायरी-पायरीने मांडतो. अटक होते. मग सगळी मंडळी कॅथरीनच्या बारमध्ये समुद्राकडे तोंड करून बसतात.

हे सगळं आधीपासून माहीत असूनही माणूस पुन्हा का बसतो? कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यान पाठ असतं. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग कसा सोडवतो आणि उत्तररंगात कथा त्या निरूपणाशी कशी जुळवून आणतो, यासाठी तो जागतो. या मालिकेतही लक्ष त्या जुळणीवर असतं.

ती जुळणी जवळून पाहू या. गोळीचा आवाज होतो तेव्हा सारे संशयित एका व्हरांड्यात बसलेले आहेत. धावत जाऊन पाहतात तर आत माणूस मरून पडलेला. म्हणजे यांच्यापैकी कुणीच मारेकरी असू शकत नाही. हा विचार पक्का वाटतो, कारण आपण एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे: ऐकू आलेला आवाज आणि लागलेली गोळी एकच. ही दोन वेगळी करा. गोळी आधीच झाडलेली असेल, आवाज दाबून. नंतरचा आवाज फक्त खोटी वेळ ठसवण्यासाठी केलेला असेल. आता व्हरांड्यातली साक्ष निरुपयोगी ठरते आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात कोण कुठे होतं, हा प्रश्न उरतो.

दुसरी युक्ती याहून जुनी आहे. दार आतून बंद. ते फोडून जो पहिला आत शिरतो आणि ‘मेला!’ म्हणून ओरडतो, तोच मारतो. दार फुटेपर्यंत आतला माणूस फक्त गुंगीत असतो. इस्रायल झँगविल यांच्या १८९२च्या ‘द बिग बो मिस्टरी’ या कादंबरीचा सगळा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. या दोन्ही युक्त्या सेंट मरीवर रूपं बदलून येतात. त्या ओळखता येऊ लागल्या म्हणून आनंद घटत नाही. पाहणारा सावध होतो आणि लेखकाला आणखी सफाईने लपवावं लागतं.

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांचं सार असं, की गुप्तहेराला दिसलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. थोरोगुड त्या परंपरेतला आहे आणि अगाथा ख्रिस्तीचा निष्ठावंत वाचक आहे. ख्रिस्तीने १९६४मध्ये मिस मार्पलला कॅरिबियन बेटावर पाठवलं, त्या काल्पनिक बेटाचं नाव सेंट होनोरे. थोरोगुडच्या बेटावरचं गाव होनोरे. मला हा योगायोग वाटत नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार या नायकाच्या नव्या पुस्तकाची लोक वाट पाहत, त्यांनाही झुंजार जिंकणार हे ठाऊक असे. १९९८ला सुरू झालेल्या ‘सीआयडी’त शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत विचारात पडले, की घराघरांत आजी आणि नातू एकदम सरसावून बसत.

साच्याची खरी कसोटी लागते ती नायक निघून जातो तेव्हा. पहिला इन्स्पेक्टर रिचर्ड पूल, बेन मिलरने रंगवलेला. भर उन्हात लोकरी सूट, टाय, हातात ब्रीफकेस, समुद्रकिनाऱ्यावरच्या झोपडीत राहून चहासाठी झुरणारा. मिलरने मालिका सोडायची ठरवली तेव्हा पूलला लंडनला परत पाठवता आलं असतं. लेखकांनी तसं केलं नाही. जानेवारी २०१४मध्ये, तिसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात, महाविद्यालयातल्या जुन्या मित्रांच्या मेळाव्यात पूलचा खून होतो. छातीत बर्फ फोडायचा टोचा. हम्फ्री गुडमन हा धांदरट, कागदाच्या मिळेल त्या कपट्यावर टिपणं करणारा नवा इन्स्पेक्टर त्या खुनाच्या तपासाला येतो.

या भागाबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या साच्यात पूल इतरांचे खून सोडवत आला, त्याच साच्यात आता तो स्वतः बळी आहे. फळ्यावर तेच फोटो, तेच जबाब, तीच शेवटची बैठक. पण खोलीतले सगळे पोलीस शोकात आहेत, आणि त्यांना उभं ठेवते ती रोजच्या कामाची ठरलेली रीत. घरात मृत्यू झाल्यावर दहाव्याची, तेराव्याची तयारी माणसाला कशी हालतं ठेवते, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. पूलची सहकारी कमील बोर्दे, सारा मार्टिन्सने साकारलेली, त्या तपासात फारसं रडत नाही. ती काम करते. पुढे तीही मालिकेतून गेली. २०२१मध्ये, दहाव्या हंगामात, आई रुग्णालयात असताना ती बेटावर परतते आणि तिला पूल दिसतो, त्याच सुटात. सात वर्षं मालिका पाहत आलेल्या माणसालाच त्या दृश्याचं वजन कळतं. एकेक भाग स्वतंत्र असलेल्या मालिकेत एवढा जुना हिशेब कुणीतरी सांभाळून ठेवला होता.

गुडमननंतर आर्डल ओ’हॅनलनचा जॅक मूनी आला, पत्नीच्या मृत्यूतून सावरत असलेला, सोबत तरुण मुलगी. मग राल्फ लिटलचा नेव्हिल पार्कर, ज्याच्या अंगाला बेटावरचं काहीच मानवत नाही. २०२४च्या नाताळपासून डॉन जिलेचा मर्विन विल्सन. पाच इन्स्पेक्टर झाले. पहिल्या हंगामापासून टिकून राहिलेले दोघेच, कॅथरीन आणि कमिशनर. कमिशनर झालेले डॉन वॉरिंग्टन मूळचे त्रिनिदादचे. त्यांचा आवाज, त्यांचं थांबणं, काही न बोलता समोरच्याला उघडं पाडणं यासाठी मी कितीही भाग पाहीन.

आता बेटाकडे वळतो, कारण इथे मालिकेशी माझं पटत नाही.

चित्रीकरण होतं ग्वादलूपमध्ये. ग्वादलूप हा फ्रान्सचाच भाग आहे. बास-तेर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर देए नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तेच पडद्यावरचं होनोरे. दुसऱ्या हंगामापासून मालिका बहुतेक जानेवारीत सुरू होते, ब्रिटनमध्ये दुपारी चारलाच अंधारून येतं तेव्हा. त्या प्रेक्षकाला ऊन हवं असतं आणि मालिका ते भरभरून देते. पण त्याच बास-तेर बेटावर मातूबा आहे. फ्रान्सने १७९४मध्ये रद्द केलेली गुलामगिरी १८०२मध्ये नेपोलियनने पुन्हा लादायला घेतली, तेव्हा लुई देलग्रेस हा अधिकारी त्याविरुद्ध लढला. पराभव समोर दिसताच २८ मे रोजी मातूबाला त्याने शेकडो साथीदारांसह दारूगोळा पेटवून मरण पत्करलं. गुलामी कायमची संपायला १८४८ उजाडावं लागलं. मग उसाच्या मळ्यांत माणसं हवी म्हणून १८५४पासून हिंदी मजूर नेले, पुदुच्चेरी आणि कारिकल या फ्रेंच बंदरांतून. पुढच्या साडेतीन दशकांत सुमारे ४०,००० माणसं गेली, बरीचशी तमिळ. तिथे आज घरोघरी शिजणारं कोलंबो नावाचं मसालेदार कालवण त्यांचंच. ग्वादलूपच्या बायका सणाला डोक्याला जे चौकटीचं सुती कापड बांधतात त्याला मद्रासच म्हणतात. प्वँत-आ-पित्र शहरात साखर कारखान्याच्या जुन्या जागेवर २०१५मध्ये गुलामगिरीचं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं.

यातलं पडद्यावर फार थोडं येतं. मळे येतात ते खुनाची जागा म्हणून. आणि पहिले चारही इन्स्पेक्टर गोरे. स्थानिक सहकाऱ्यांपैकी ड्वेन मायर्सला बेटावरचा प्रत्येक बारवाला, प्रत्येक भुरटा चोर ठाऊक, फ्लोरेन्स कॅसेलची नजर तीक्ष्ण. तरी शेवटच्या बैठकीत बोलायचं ते ब्रिटनहून आलेल्याने. लेखक इन्स्पेक्टरला चिडका, वेंधळा, आजारी दाखवतात, कमिशनरला त्याच्या वर बसवतात, सहकाऱ्यांना शहाणपण देतात. तरीही मूळ मांडणी तशीच राहते. मालिकेवर प्रेम करणाऱ्यानेच हे बोललं पाहिजे असं मला वाटतं, कारण साचा इतका भक्कम आहे की त्यात याहून जास्त मावलं असतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या मळ्याच्या कागदपत्रांत दडलेलं कारण, नाव बदललेली वंशावळ, वारशाची जमीन: रहस्यकथेला यापेक्षा चांगला माल कुठे मिळतो?

म्हणून मर्विन विल्सनचं येणं मला महत्त्वाचं वाटतं. तो कृष्णवर्णीय ब्रिटिश आहे, आणि बेटावर आला आहे आपल्या जन्मदात्या आईच्या शोधात. ती आता हयात नाही हे त्याला इथे आल्यावर कळतं. तेरा हंगामांनंतर प्रथमच इन्स्पेक्टरचा स्वतःचा प्रश्न बेटाच्या मातीतला आहे. फळ्यावर कुणाचेही फोटो असोत, त्याच्यासाठी आणखी एक मृत्यू उलगडायचा असतो. साचा तोच, पण आता उत्तराची गरज विचारणाऱ्यालाच आहे.

ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पहिल्या हंगामापासून पाहावी. पूलशी ओळख झाल्याशिवाय तिसऱ्या हंगामाला हात लावू नये. आणि एक करा: संशयित गोळा व्हायला लागले की चित्र थांबवा, खुनी कोण आणि तो कसा सुटला असता ते घरातल्या प्रत्येकाला सांगायला लावा, अगदी सातवी-आठवीतल्या मुलांनाही. नुसतं नाव सांगून भागत नाही, ‘कसं’ सांगावं लागतं. मुलं ते आपल्याआधी सांगतात, हा माझा अनुभव आहे.