बाळ दडवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी सातवी शिकलेली संसारी बाई. एखादी पाककृती सांगितली असती तर तुम्ही खूश झाला असता; पण आजचा विषय आपण बायका आपसातही कुजबुजतच बोलतो. कोणी उठून जाऊ नये, एवढी विनंती.

माझ्या धाकट्या नणंदेचे पहिले बाळंतपण घरीच झाले. तिच्या परवानगीने सांगते आहे. सुईणीने बाळ पाहिले आणि ती गप्पच झाली. मुलगा म्हणावा तर तसे नाही, मुलगी म्हणावी तर तसेही नाही. तिच्या सासूने दार लावून घेतले. पाचवी कशीबशी उरकली, शेजारणींना बाळ दाखवले नाही. दुसऱ्या आठवड्यात बाळ ओकू लागले, दूध ओढीना, सुकत चालले. दवाखान्यात न्यावे तर लंगोट सोडावा लागेल, या भीतीने दोन दिवस गेले. चौदाव्या दिवशी बाळ गेले. बारसे झालेच नाही. नणंदेला मात्र कित्येक वर्षे ऐकावे लागले, की हिने ग्रहण पाळले नाही.

पुढे एका डॉक्टरीणबाईंना मी हे सारे सांगितले. त्यांनी आधी मला परसातल्याच गोष्टी विचारल्या. भोपळ्याच्या वेलावर नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी, पण वेल एकच. जास्वंदीच्या एकाच फुलात दोन्ही. पपईचे झाड नर, मादी किंवा एकाच फुलात दोन्ही असलेले, असे तीन तऱ्हांचे. बाजारातली लांबट पपई बहुधा या तिसऱ्या झाडाची, आणि आपण ती निवडून घेतो! गांडूळही नर आणि मादी दोन्ही असते, तरी त्याला जोडीदार लागतोच. पावसाळ्यातल्या बहुतेक गोगलगायींचेही तसेच.

माणसाचे मात्र गांडुळासारखे नसते, हे त्यांनी बजावले. पोटातला गर्भ पहिले सहा आठवडे मुलाचा असो वा मुलीचा, घडण सारखीच असते. मग वाय नावाचे गुणसूत्र असले तर सहसा मुलाची घडण सुरू होते, नसले तर मुलीची. पेशींतली सूचना, ग्रंथींतले रस आणि शरीराची त्यांना मिळणारी साथ, यांत कोठे फरक पडला, की घडण निराळी होते. त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि पुष्कळांत जिवाला काहीच धोका नसतो.

पण एक प्रकार घातकी आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांत जन्मजात दोष असला तर मुलीच्या गर्भात पुरुषी रस जास्त तयार होतो आणि बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात. आत गर्भाशय असतो, ती मुलगीच असते, पुढे आईदेखील होऊ शकते. मात्र याच दोषात पुष्कळ बाळांच्या अंगातले मीठ लघवीवाटे निघून जाते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ ओकून ओकून दगावते. रक्त तपासले तर कळते. औषध रोज, जन्मभर घ्यावे लागते, पण बाळ जगते. हा दोष आईकडून आणि बापाकडून सारखाच उतरतो. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे ऐकून मी घरी आले आणि नणंदेला सांगितले, तेव्हा ती रडली नाही, म्हणाली, "मीठच हवे होते का गं वहिनी?"

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले, माजलगावचे ललित साळवे यांचे नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. मुलगी म्हणून वाढले, महिला पोलीस शिपाई झाले. तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. २०१७ साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती मिळेना. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर परवानगी मिळून मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० साली आपल्याच शहरातल्या मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये मुलगा झाला. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने आपली गोष्ट सांगितली, म्हणून मलाही आज उभे राहण्याचा धीर आला.

याच्या उलट घाईही नको. बाळाला लगेच कापून-शिवून एका बाजूचे करून टाका, असे म्हणणारी मंडळी असतात. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याला अटकाव केला, आणि जिवाला धोका असल्याखेरीज अशा तान्ह्या बाळांवर ती शस्त्रक्रिया करू नये, असा हुकूम तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी काढला. लघवीची वाट बंद असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मूल मोठे होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबता येते. मला तरी हेच पटते.

आपल्या आळीत बाळंतपण झाले आणि असे काही दिसले, तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा आणि बाळाला थेट घाटी दवाखान्यात न्या. अंगातले मीठ तपासा, असे स्वतःहून म्हणा. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मला हाक मारा. रात्र असली तरी मी बरोबर येईन, आणि माझी नणंदही येईल म्हणाली आहे.