दगडाळ वाटेवरील शेतगाडीसाठी बाजूच्या रेलची निवड
(शेतकऱ्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेती यंत्रांविषयी बोलायचे म्हटले की आपण ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, फवारणी पंप यांचाच विचार करतो. परंतु आज अनेक शेतकऱ्यांच्या दारात जीप, बोलेरो, थार किंवा पिकअप उभी असते. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, रोपे मळ्यापर्यंत नेणे आणि पैठण भागातील मोसंबी किंवा कन्नड, खुलताबादकडचे आले डांबरी रस्त्यापर्यंत आणणे, ही कामे हीच गाडी करते. या गाडीच्या दारांखाली जाड पाइपची रेल बसवून घेण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. बाजारात तिला रॉक स्लायडर म्हणतात. तिची निवड कशी करावी, हा आजचा विषय आहे.

आपल्या वाटा अशा का?

आपला जिल्हा बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कन्नड, सोयगाव, सिल्लोडकडील डोंगरवाटांवर या पायऱ्या आपल्याला प्रत्यक्ष दिसतात. मुरूम वाहून गेला की उघडा खडक आणि गोल, कठीण गोटे वर राहतात. चाक ओल्या गोट्यावरून घसरले की गाडीची बाजू त्यावर आदळते.

दाराखालचा पत्रा हा गाडीचा उंबरठा आहे. तो चेपला की दार नीट लागत नाही, फटीतून पाणी व चिखल शिरतो आणि पत्रा आतून गंजू लागतो. रेलचे काम हा उंबरठा वाचवण्याचे आहे. त्यासाठी तिला प्रसंगी गाडीच्या एका बाजूचे वजन पेलावे लागते. निवडीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

रेल हवी की पोटाखालचा पत्रा?

पैसे खर्च करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून खाली वाकून पाहावे आणि ओरखडे कोठे आहेत याची नोंद घ्यावी.

१) ओरखडे दारांखाली असतील तर रेल उपयोगी आहे.

२) ओरखडे गिअर बॉक्स, इंधन टाकी किंवा डिफरन्शियलखाली असतील तर रेलचा उपयोग नाही. काळ्या जमिनीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. अशा वाटेसाठी स्किड प्लेट, म्हणजे पोटाखाली बसवायचा जाड संरक्षक पत्रा हवा.

३) ओरखडे केवळ पुढच्या किंवा मागच्या टोकाला असतील तर चढ-उताराची जागा मुरूम टाकून सारखी करणे अधिक स्वस्त पडते.

गाडीची ठेवणही लक्षात घ्यावी. २०२० मध्ये आलेल्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मि.मी. आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २४५० मि.मी. आहे. बोलेरोमध्ये हेच आकडे सुमारे १८० आणि २६८० मि.मी. आहेत. उंची कमी आणि अंतर जास्त असेल तितकी खडकाची पायरी ओलांडताना गाडी मधोमध लवकर टेकते. म्हणून शेजाऱ्याच्या थारला जे पुरले ते आपल्या गाडीला पुरेलच असे नाही.

पायदान आणि रेल यांतील फरक

बाजारात चकचकीत स्टीलच्या पाइपचे पायदान मिळते. ते चढण्या-उतरण्यासाठी असते. त्याचा पाइप पातळ आणि पाय पट्टीचे असतात. काही ठिकाणी तर ते दाराखालच्या पत्र्यालाच कसलेले असते. दगडावर टेकल्यावर असे पायदान वर दाबले जाते आणि जो पत्रा वाचवायचा त्यातच घुसते. त्यातून, संरक्षण आहे या भरवशावर चालक गाडी दगडावर बेधडक घालतो. म्हणून नकली रेल असण्यापेक्षा रेल नसलेली बरी.

खरी रेल नेहमी चासीला जोडलेली असते. ज्या मोटारीला स्वतंत्र चासी नाही, सांगाडा आणि पत्रा एकच आहे, तिला अशी रेल बसवण्याच्या फंदात पडू नये.

पाइप कोणता घ्यावा?

दुकानात फक्त 'जाड पाइप' असे न सांगता बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही सांगावे. भारतीय मानक १२३९ नुसार ४० मि.मी. नावाच्या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मि.मी. असतो. मध्यम प्रतीत भिंत ३.२ मि.मी. व जड प्रतीत ४ मि.मी. असते. मध्यम प्रतीवर निळा आणि जड प्रतीवर तांबडा पट्टा असतो. रेलसाठी तांबड्या पट्ट्याचा घ्यावा. त्याचे वजन मीटरला सुमारे ४.४ किलो भरते. त्याच व्यासाच्या दीड मि.मी. जाडीच्या पाइपपेक्षा तो वाकण्यास सव्वादोन पटीहून अधिक विरोध करतो. बांधकामाच्या पोलादी पाइपसाठी भारतीय मानक ११६१ आहे. त्यातील वरच्या प्रतीचा पाइप मिळाल्यास अधिक चांगले.

अशा जोडीचे वजन साधारण ४५ किलो, म्हणजे युरियाच्या एका गोणीइतके होते. तेवढा माल गाडीत कमी भरावा लागेल. म्हणून याहून जाड पाइपचा हव्यास धरू नये.

पाय किती व कसे असावेत?

प्रत्येक बाजूला किमान तीन पाय असावेत. दोन पायांमधील अंतर दुप्पट झाले तर मधोमध टेकल्यावर पाइपवरील वाकवणारा जोर दुप्पट होतो आणि पाइपचे झुकणे आठपट होते. १२०० मि.मी. अंतरावर दोनच पाय देण्याऐवजी मध्ये तिसरा दिला की साधा पाइपही टिकतो. पैसे वाचवायचे तर पाय कमी करून वाचवू नयेत.

कारागिराशी पुढील गोष्टी आधीच ठरवाव्यात.

१) रेलची खालची कड चासीच्या खालच्या कडेपेक्षा खाली येऊ नये. तशी आली तर गाडीची उंचीच कमी होते.

२) रेल आणि दाराखालचा पत्रा यांत बोटभर फट ठेवावी. बॉडी रबरी गाद्यांवर बसलेली असते आणि ती हलते.

३) पाय बाहेरच्या बाजूस किंचित वर जाणारे असावेत, म्हणजे गाडी दगडात न अडकता त्यावरून सरकते. रेल चाकांच्या बाहेर येऊ देऊ नये.

४) दोन्ही टोके वर वळवून बंद करावीत. उघडे टोक झुडपात व बांधात अडकते आणि शेजारून जाणाऱ्या माणसाला किंवा जनावराला इजा करते.

५) सांध्याला सर्व बाजूंनी पूर्ण वेल्डिंग आणि त्रिकोणी आधारपट्टी असावी. नुसते टाके मारलेले चालणार नाहीत.

वेल्डिंग की नट-बोल्ट?

चासीवर थेट वेल्डिंग करू नये. उष्णतेने तेथील पोलादाचा गुण बदलतो आणि सततच्या हादऱ्यांनी पुढे तडा जाऊ शकतो. जाड प्लेट आणि ८.८ प्रतीचे बोल्ट वापरून शक्यतो चासीच्या मूळ छिद्रांतच जोडणी करावी. बोल्टच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो. चासीच्या वरच्या व खालच्या पट्टीत नवीन छिद्र पाडू देऊ नये. काम सुरू होण्यापूर्वी ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि तारा कोठून गेल्या आहेत ते स्वतः पाहावे.

आपल्या शहराजवळ वाळूज, चिकलठाणा येथे वाहनांचे सुटे भाग बनवणारा उद्योग मोठा आहे. त्यामुळे चांगले वेल्डर आणि पाइप वाकवणारी यंत्रे येथे मिळतात. मात्र कामाचा दर नगावर न ठरवता पाइपची जाडी, वजन, पायांची संख्या व बोल्टची प्रत कागदावर लिहून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी चाचणी

सपाट, टणक जागेवर गाडी रिकामी उभी करावी. हँडब्रेक लावून पलीकडच्या चाकांना ओट लावावी. मग रेलच्या मधोमध जॅक लावून त्या बाजूची चाके उचलावीत. गाडीखाली कोणीही जाऊ नये. या स्थितीत रेल पत्र्याला टेकता कामा नये. गाडी खाली घेतल्यावर रेल सरळ असावी, दारे पूर्वीसारखी लागावीत आणि बोल्ट सरकलेले नसावेत. जी रेल जॅकवर वाकली ती दगडावर टिकणार नाही.

निगा

काळी माती ओल धरून ठेवते. रेलच्या खालच्या अंगाला पाणी निघण्यासाठी बारीक छिद्रे ठेवावीत. पावडर कोटिंगला दगडाने चीर पडली की खाली पाणी मुरते. त्यापेक्षा रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट हा उपाय घरच्या घरी पुन्हा करता येतो. पहिल्या पंधरवड्यानंतर आणि पुढे दर पावसाळ्याच्या आधी व नंतर बोल्ट कसावेत.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करण्यास बंधन आहे. गाडीपुढे लावल्या जाणाऱ्या बुल बारविरुद्ध केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते. बाजूची रेल ही बुल बार नव्हे. तरीही ती बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर विक्रेत्यालाही विचारावे.

शेवटी एवढेच सांगतो. रेल ही वाटेच्या दुरुस्तीला पर्याय नाही. वाटेवरचे चार मोठे गोटे पहारीने बाजूला सारणे आणि पाणी आडवे काढून देणे, याचा फायदा बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सर्वांना होतो. ते करूनही दगड उरतोच. त्या दगडासाठी चासीला जोडलेली, तीन पायांची, जॅकवर तपासलेली रेल घ्यावी. सुगीच्या दिवसांत माल भरलेली गाडी वाटेत अडकून राहिली तर होणारे नुकसान या खर्चापेक्षा मोठे असते.