पाचटाचा धूर जातो कुठं?

ऊस तुटून गेला की संध्याकाळी फडात पाचट पेटतं. धूर वर गेला म्हणजे गेला, असं आपण म्हणतो. खरंच जातो का?

हवेतले धूर-धुळीचे कण मोजायला अमेरिका आणि फ्रान्सनं २००६ साली कॅलिप्सो उपग्रह सोडला. २०२३ पर्यंत तो चालला. त्यातलं लायडार यंत्र सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला वीस वेळा लेसरचा झोत खाली सोडायचं. कणांवर आपटून थोडा उजेड परत यायचा. विहिरीत दगड टाकून आवाजावरून पाणी किती खोल ते आपण ओळखतो ना? तसंच, उजेड परतायला किती वेळ लागला यावरून कणांची उंची कळायची. धुळीचे कण ओबडधोबड, धुराचे बहुधा गोलसर. परतलेल्या उजेडावरून तोही फरक कळायचा.

उंचीला महत्त्व का? उंच गेलेला धूर वाऱ्यानं लांब जातो. खाली राहिलेला आपल्या श्वासात येतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार नि जड होते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. मग संध्याकाळचा धूर सकाळपर्यंत गावातच कोंडतो. तान्ह्या बाळाच्या नि दमेकरी सासूबाईंच्या छातीत जातो.

चुलीचा धूर मात्र छपराखाली. तो उपग्रहाला दिसत नाही, आपल्यालाच बघावा लागतो.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत ठराव करूया: पाचट पेटवायचं नाही, सरीत कुजवायचं. घरच्या कारभाऱ्यांनाही सांगा.