वेगाला पट हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी एस.टी.त मेकॅनिक होतो. बत्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली आणि निवृत्त होऊन गावी, कामरगावला आलो. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं, कापूस, तूर आणि सोयाबीनवर जगणारं हे गाव. इथे शर्यतीच्या मोटारीचा विषय निघेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तो निघाला माझ्या पुतण्यामुळे.

एका संध्याकाळी तो मोबाइल पुढे धरून म्हणाला, "काका, मले हे गाडी घ्याची हाये." फोटोत एक ठेंगणी, दोन दारांची, दोनच माणसांची लाल मोटार होती. नाव सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सनं ती बनवायला घेतली होती. अंगाला पत्र्याऐवजी फायबरग्लास, आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे ताकद साध्या घरगुती गाडीचीच, पण अंग हलकं आणि बैठक जमिनीलगत.

मी विचारलं, "अन् हे घेऊन करशील काय?"

तो म्हणाला, "ट्रॅकवर चालवीन."

'ट्रॅक डे' हा प्रकार मला तेव्हा त्यानंच समजावला. शर्यतीसाठी बांधलेली बंदिस्त धावपट्टी एखाद्या दिवशी हौशी लोकांना शुल्क घेऊन उघडी करतात. त्यात नंबर नाही, बक्षीस नाही. आपली गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या. समोरून वाहन येत नाही, गुरं आडवी जात नाहीत. ओव्हरटेक करायचं ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यावर आणि पुढच्यानं हातानं खूण केल्यावरच. पिवळं निशाण दिसलं की सावध व्हायचं, लाल दिसलं की फेरी बंद.

घरात सगळ्यांनी नाही म्हटलं. मी हो म्हटलं. त्याचं कारण सांगतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आमच्या कारंजाजवळून जातो. मोटारींसाठी वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. पण सरळ, गुळगुळीत, रिकामा रस्ता पाहिला की वीस-बावीस वर्षांच्या पोरांना आकडा दिसत नाही. पुतण्या आणि त्याचे मित्र रात्री जेवण झाल्यावर निघायचे आणि गाड्या लावायचे. एके रात्री एका गाडीचा टायर फुटला. मागे बसलेला त्याचा वर्गमित्र वाचला, पण आजही काठी घेऊन चालतो. पुतण्या त्या गाडीत नव्हता, शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीत होता. हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

त्याला रागावून काही उपयोग नव्हता. वेगाची ओढ रागावण्यानं जात नाही, तिला जागा द्यावी लागते. आणि ही गोष्ट आमच्या वऱ्हाडाला नवी नाही. आमच्याकडे शंकरपट आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. तिथे बैलजोडी रस्त्यावर धावत नाही. आखलेली वाट असते, कडेला माणसं रोखलेली असतात आणि हिशेब सेकंदांत होतो. धुरकरी ज्या छकड्यावर उभा राहतो, तो शेतावरचा छकडा नव्हे. जेवढं लाकूड लागत नाही तेवढं काढून टाकलेला, पटासाठी हलका केलेला असतो. जुनी वस्तू घ्यावी आणि धावण्यासाठी सुधारावी, हे आमचे सुतार मोटार येण्याआधीपासून करत आले.

त्या पटावरही वाद झाले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलाला इजा होऊ नये, हा त्या अटींचा गाभा. बैलाच्या जिवासाठी एवढे नियम, मग पोराच्या जिवासाठी नकोत?

तेव्हा मी पुतण्याला दोन अटी घातल्या. समृद्धीवर पुन्हा गाडी पळवायची नाही. आणि गाडी मी पाहिल्याशिवाय घ्यायची नाही.

पहिली गाडी पाहायला आम्ही गोव्याला गेलो. वरून गाडी नव्या नवरीसारखी. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून अशा गाडीचं वरचं रूप काहीच सांगत नाही. खालचं लोखंड मात्र गंजतं, आणि ही गाडी वर्षानुवर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी होती. मी गोणपाट टाकून खाली शिरलो. एकाच बाजूला ताजा काळा लेप फासलेला दिसला. जिथे एकाच जागी नवा लेप असतो, तिथे काहीतरी झाकलेलं असतं. मी पेचकस टेकवला आणि जरा दाबला, तो आत गेला. मी उठलो, हात पुसले आणि निघालो. पुतण्या कोल्हापूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दुसरी गाडी सहा महिन्यांनी पुण्यात सापडली. रंग उडालेला, आसनं फाटलेली, पण खालून धड. मालकानं दुरुस्तीची सगळी बिलं फायलीत लावून ठेवली होती. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, चकाकी पाहू नका, फाईल पाहा. विकणाऱ्याला आधी सांगा की इंजिन थंड ठेवा. गरम इंजिन आपले दोष लपवतं. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधाळ साय दिसते का ते बघा. दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्या आणि तपासून घ्या. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते विचारा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी तपासणी होऊनच पुढे पाच वर्षांसाठी वाढते. आणि हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. माझा नियम असा की, तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा. जी गाडी थोडीच बनली, तिचे सुटे भाग शोधण्यातही पैसा आणि वेळ जातो.

गाडी गावात आली. गल्लीतली पोरं जमली. पुतण्याची यादी तयारच होती. मोठा सायलेन्सर, दुसरं इंजिन, रुंद चाकं. मी यादी घेतली आणि उलटी केली.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ स्वरूपात मालकाला मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आला. तेव्हा इंजिन बदललेली गाडी हवी असेल तर ती रस्त्यावर आणायची नाही, ट्रकवर लादून ट्रॅकला न्यायची. तेवढी आमची ऐपत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की झिजलेलं काढायचं आणि त्याच जागी, त्याच मापाचं, चांगलं घालायचं.

मग गणित. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना जिरवायची शक्ती चौपट होते. ६० वरून थांबताना ब्रेक जेवढे तापतात, त्याच्या चौपट उष्णता १२० वरून थांबताना तयार होते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला लागतो, फेरीमागून फेरी. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर. दुसरा टायरवर. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. तिसरा खर्च शॉकअॅब्सॉर्बर आणि रबरी बुशांवर, चौथा रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्यांवर. मग चांगला पट्टा, घट्ट बांधलेली बॅटरी, आग विझवायचं नळकांडं. इंजिनला फक्त ताजं ऑइल, नवे प्लग आणि स्वच्छ फिल्टर.

आणि आता माझी चूक सांगतो. मी ब्रेकचे पॅड नवे घातले, पण ब्रेक ऑइल बदललं नाही. डबीत ते स्वच्छ दिसत होतं, म्हणून वरून थोडं भरलं. बत्तीस वर्षं काम केलेला माणूस, पण दिसण्यावर गेलो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा प्यायलेल्याची हमी १५५ अंशांपुरतीच उरते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

आम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला गेलो होतो. कामरगावापासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. ट्रॅकची लांबी पावणेचार किलोमीटरला जराशी कमी. पहिली फेरी हळू, नंतरच्या दोन छान. चौथ्या फेरीत एका वळणाला गाडी सरळ गेली. डांबर सोडून मोकळ्या मातीत घुसली, धूळ उडवत फिरली आणि उभी राहिली. मी कठड्याशी होतो. तेवढे क्षण मी श्वास घेतला नाही. लाल निशाण निघालं, माणसं धावली. पुतण्या आपल्या पायांनी उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "काका, पायडल खालीच गेलं."

मी त्याला तिथेच सांगितलं की चूक माझी आहे.

हेच समृद्धीवर झालं असतं तर? पुढे मोकळी माती नसती, ट्रक असता. धावून येणारी माणसं नसती. आपल्या चुकीचा हिशेब भलत्यानंच चुकवला असता. ट्रॅकवर गाडी बिघडत नाही असं नाही, उलट तिथेच ती बिघडते. पण बिघाड पोटात घ्यायला तिथे जागा ठेवलेली असते. एक लक्षात ठेवा, नेहमीचा मोटार विमा शर्यतीला आणि वेगचाचणीला लागू होत नाही. तिथलं नुकसान आपल्याच खिशातून.

ऑइल बदलून आम्ही दुपारी पुन्हा चार फेऱ्या मारल्या. शेवटची अगदी हळू, ब्रेक निवावेत म्हणून. तापलेल्या गाडीचा हँडब्रेकही ओढला नाही, चाकाखाली दगड लावला.

आता वर्षाकाठी एकदा तो जातो. काठी टेकत चालणारा त्याचा मित्रही सोबत असतो आणि फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहितो. बाकी वर्षभर लाल गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी असते आणि पुतण्या समृद्धीवरून नागपूरला जातो तो आकड्याच्या आत. एकदा मी विचारलं, "आता पळवाशी नाही वाटत?" तो म्हणाला, "इथं पट कुठं हाये, काका?"

तरण्या पोरांच्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. पोराला वेग हवा असेल तर त्याला पट शोधून द्या, आणि पटावर पाठवण्याआधी ब्रेक तपासा. ऑइलसकट.